पडलेल्या ई-रीडरचं पॅनल बदललं तरी पुन्हा फुटतं, ते का?

लक्षणं अशी. ई-रीडर, म्हणजे किंडल-कोबोसारखं पुस्तकं वाचायचं उपकरण, पडवीतल्या झोपाळ्यावरून खाली आला. बाहेरून ओरखडाही नाही, पण चालू केल्यावर अर्धी स्क्रीन गोठलेली आणि उरलेल्या भागात रेघा. पॅनल, म्हणजे चित्र उमटतं तो स्क्रीनचा भाग, बदललं. महिना-दोन महिने बरं चाललं, आणि मग एके दिवशी न पडताच त्याच कोपऱ्यातून रेघा पुन्हा सुरू झाल्या. साहजिकच "पॅनल डुप्लिकेट दिलं" असा संशय येतो. तसंही कधी असतं, पण दुसऱ्यांदा फुटणाऱ्या पॅनलचा दोष बहुतेक वेळा पॅनलमध्ये नसतोच. ते ज्या आतल्या चौकटीवर टेकतं ती पहिल्या आपटीत वाकलेली असते, तिच्यावर वाळूचा एखादा कण राहिलेला असतो, किंवा मागची बॅटरी फुगलेली असते. हे तिन्ही बघितल्याशिवाय नवं पॅनल बसवणं म्हणजे खड्ड्यातल्या दगडावर नवी फरशी टाकणं.

बाहेर काही नाही, मग आत काय फुटलं?

मोबाइल पडतो तेव्हा वरची काच तडकते आणि खालचा डिस्प्ले बऱ्याचदा वाचतो. ई-इंकमध्ये, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनमध्ये, नेमकं उलटं होतं. बोट लागतं तो वरचा थर बहुतेक मॉडेलमध्ये प्लास्टिकचा असतो, तो वाकतो आणि परत सरळ होतो. त्याच्याखाली उजेड पसरवणारी पारदर्शक पत्री. तिच्याखाली शाईची फिल्म, म्हणजे बारीक कुप्यांमध्ये भरलेले पांढरे आणि काळे विद्युतभारित कण. पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे. आणि सगळ्यात खाली ट्रान्झिस्टरची जाळी असलेली काच, एक मिलिमीटरहून पातळ. आपटीत ही तळाची काच जाते. म्हणून वरून हात फिरवला तर सगळं गुळगुळीत लागतं. मोबाइलच्या दुकानात "फक्त ग्लास बदलून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्यांनी अजून रीडर उघडून पाहिलेला नाही एवढं समजावं. इथे वरची काच वेगळी बदलून काहीच साधत नाही.

सगळीच पॅनल काचेची नसतात. २०१८ च्या कोबो फॉर्मासारख्या काही मॉडेलना प्लास्टिकच्या पाठीची पॅनल आहेत आणि ती आपटी बरीच सोसतात. घरोघरी दिसणाऱ्या सहा इंची किंडलना मात्र काचच.

आणखी एक. पडून फुटण्याइतकेच रीडर दाबून फुटतात. एसटीच्या फळीवर सॅक, सॅकमध्ये रीडरला चिकटून पॉवर बँक किंवा चार्जरचा ठोकळा, आणि वर दुसऱ्याची पिशवी. एकाच बिंदूवर दाब आला की काच जाते. अशा वेळी रेघा कोपऱ्यातून न निघता मधूनच कुठून तरी निघालेल्या दिसतात. चौकट बहुधा सरळ असते, त्यामुळे ही दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी.

उघडण्याआधी

ई-इंकची एक खोड आधी लक्षात घ्या: वीज गेली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं. त्यामुळे स्क्रीनवर झोपेचं चित्र दिसतंय म्हणजे रीडर जिवंत आहे असं नाही, आणि चित्र बदलत नाही म्हणजे तो मेलाय असंही नाही. स्क्रीन सोडून बाकीच्या खुणा बघायच्या.

साधा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर लावा. किंडलचा दिवा नारिंगी झाला तर बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) आणि बॅटरी बोलतायत. दिवा लागलाच नाही तरी तासभर चार्जरवर राहू द्या. पूर्ण उतरलेली बॅटरी उठायला वेळ घेते, आणि पावसाळ्यात वीज गेलेल्या आठवड्यात हे हमखास होतं. मग पॉवरचं बटण सलग ४० सेकंद दाबून धरा. मोजून ४०, दहा-पंधरा सेकंदांत कंटाळून सोडतात आणि "रीसेट होत नाही" म्हणतात. अंधाऱ्या खोलीत करा, म्हणजे समोरचा दिवा एकदा उजळला तरी कळेल. शेवटी डेटावाली केबल लावून कॉम्प्युटरला जोडा. ड्राइव्ह उमटली तर बोर्ड ठणठणीत आहे, बिघाड स्क्रीन किंवा तिच्या जोडणीत. लगे हात पुस्तकं आणि टिपणं कॉपी करून घ्या, नंतर विसरायला होतं.

रीसेटनंतर झाडाखाली बसलेल्या मुलाचं चित्र स्वच्छ, पूर्ण दिसतंय पण पुढे जात नाही, अशी अवस्था असेल तर पॅनल शाबूत आहे. तो फाटा सॉफ्टवेअरचा किंवा आतल्या मेमरीचा. पॅनल मागवू नका.

रेघा कशा आहेत ते बघा

एक रेघ किंवा रेघांचा पट्टा अगदी सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि बाकी स्क्रीन व्यवस्थित पान बदलतेय: ही जोडणीची तक्रार असण्याची शक्यता चांगली. पॅनलच्या कडेला उभ्या आणि आडव्या ओळी चालवणाऱ्या चिप असतात, आणि तिथून निघणारी लवचिक पट्टी बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये जाते. दुरुस्तीवाले तिला फ्लेक्स किंवा स्ट्रिप म्हणतात. आपटीने ती अर्धा मिलिमीटर तिरकी सरकली तरी पुरे. काढून परत बसवली की रेघा जातात, खर्च शून्य.

रेघा वाकड्या, एका बिंदूतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, किंवा एक तुकडा जुन्या चित्रावर गोठलेला आणि त्याची हद्द वेडीवाकडी: काच गेली. कुठलाही रीसेट, कुठलंही ॲप, कुठलीही गरम हवा तिला जोडू शकत नाही.

या दोहोंच्या मधली एक फसवी जागा आहे. तडा नेमका चिपच्या कडेला, चौकटीखाली लपलेल्या भागात गेला तर त्याने तुटलेल्या ओळीही अगदी सरळच दिसतात. समोरची चौकट काढून टॉर्चचा प्रकाश कडेला आडवा पाडला की हा तडा केसासारखा चमकतो. बोटाने दाबून "रेघ जाते का बघू" हा प्रयोग मात्र टाळा. तडा छोटा असेल तर दाबल्याने तो धावतो, आणि फ्लेक्सचा दोष असेल तर दाबून मिळणारं उत्तर तसंही भरवशाचं नसतं.

स्क्रीन पूर्ण कोरी, पान बदलल्याची हालचालच नाही, पण कॉम्प्युटर रीडरला ओळखतोय: फ्लेक्स पूर्ण निसटलेली असेल, किंवा पॅनलला वीज देणारी चिप गेली असेल. ई-इंकला शाई हलवायला साधारण अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट लागतात, आणि ते तयार करायला बोर्डावर स्वतंत्र भाग असतो. फ्लेक्स नीट बसवून, चालू असल्याची खात्री असलेलं दुसरं पॅनल लावूनही हालचाल नसेल, तरच त्या भागावर संशय घ्या. ते काम सूक्ष्मदर्शक आणि सोल्डरिंगचा गरम हवेचा ब्लोअर असलेल्या माणसाचं.

पान ठीक, पण उजेड एका बाजूने मेलाय किंवा एखादा ठिपका भगभगतोय: दिव्यांची फ्लेक्स सैल झालीय, किंवा उजेडाची पत्री पॅनलपासून सुटून मध्ये हवा गेलीय. पेपरव्हाइट या किंडल मॉडेलच्या पहिल्या तीन पिढ्यांत खालच्या कडेला चारच एलईडी आहेत, त्यामुळे एक गेला तरी सावली लगेच दिसते. वाचायला अडचण नसेल तर नुसत्या एका भगभगीत ठिपक्यासाठी पॅनल उचकटू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टच आपोआप चालतोय, पानं स्वतःहून उलटतायत: २०११ चं किंडल टच किंवा जुने कोबो असतील तर आधी चौकटीची आतली कड साफ करा. या मॉडेलमध्ये टच काचेवर नसतो. चौकटीच्या कडेतून अवरक्त किरणांची जाळी सोडलेली असते, आणि कडेला अडकलेला पुळणीतला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूतला, एक कण त्या किरणाला बोट वाटतो. कोरडा मऊ ब्रश फिरवला की काम झालं. पेपरव्हाइटचा टच कपॅसिटिव्ह, म्हणजे मोबाइलसारखा, आहे, तिथे हा उपाय लागू नाही. तिथे टचची वेगळी फ्लेक्स बघायची.

पॅनल मागवताना

रीडरच्या पाठीवरचा मॉडेल नंबर बघून पॅनल मागवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. पेपरव्हाइटची दुसरी पिढी २०१३ ची आणि तिसरी २०१५ ची; दोन्हींच्या पाठीवर एकच नंबर छापलाय, डीपी७५एसडीआय. पण दुसरीचं पॅनल १०२४ बाय ७५८ बिंदूंचं आणि तिसरीचं १४४८ बाय १०७२ चं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. ओळखायचं सिरियल नंबरावरून: तिसऱ्या पिढीचा जी०९० ने सुरू होतो, दुसरीचा बी किंवा ९ ने. स्क्रीन बंद असेल तर हा नंबर खोक्यावर असतो, आणि तुमच्या खात्यातल्या उपकरणांच्या यादीतही.

सगळ्यात खात्रीचा नंबर पॅनलच्याच पाठीवरच्या लेबलवर मिळतो, म्हणून आधी उघडा आणि मग मागवा. सहा इंची पॅनलचा नंबर ईडी०६० ने सुरू होतो. पुढचं अक्षर एस असेल तर ८०० बाय ६००, एक्स असेल तर १०२४ बाय ७५८, के असेल तर १४४८ बाय १०७२. त्यापुढची अक्षरं आणि आकडेही तंतोतंत जुळले पाहिजेत. फ्लेक्सचा आकार आणि बाहेर पडण्याची जागा त्यावर ठरते. "सेम टू सेम आहे" या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

वापरलेलं पॅनल घेत असाल तर फोटोवर विश्वास ठेवू नका. फुटण्याआधीचं सुंदर चित्र फुटलेल्या पॅनलवरही वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि कोरं पांढरं पॅनल तर काहीच सांगत नाही. पानं बदलतानाचा व्हिडिओ मागा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवलेलं पॅनल कुरिअरने रत्नागिरी-कणकवलीपर्यंत येताना घाटरस्त्याने हादरे खातं, तेव्हा ते दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून पाठवायला सांगा; नुसत्या बबल प्लास्टिकच्या गुंडाळीत ते वाकतं. आणि घरी आल्यावर आधी नुसतं जोडून चालवून बघा, मग बसवा.

खर्चाचं सरळ गणित: त्याच मॉडेलचा चालू, वापरलेला रीडर जेवढ्याला मिळतो त्याच्या निम्म्याहून जास्त जर पॅनलच सांगत असतील, तर पॅनल घेऊ नये. त्यापेक्षा बोर्ड मेलेला पण स्क्रीन चांगली असलेला त्याच पिढीचा रीडर शोधावा. त्यात चौकटीसकट पॅनल मिळतं, आणि पुढच्या भागात सांगितलेली निम्मी डोकेदुखी वाचते.

उघडणं

खालची पद्धत समोर वेगळी चौकट असलेल्या पेपरव्हाइटच्या पहिल्या तीन पिढ्यांसाठी आहे. लागणारं सामान: प्लास्टिकच्या पातळ पाती किंवा गिटारची पिकं चार-पाच, टॉर्क्स टी५ आणि फिलिप्स ०० पेचकस, प्लास्टिकचा चिमटा, हेअर ड्रायर, स्टीलची १५ सेंटिमीटरची पट्टी, रुंद सेलोटेप, डोळ्यांना चष्मा. सुरी, ब्लेड, कर्कटक यांपैकी काहीही नको.

रीडर पूर्ण बंद करा. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, हातभर नाही पण वीतभर अंतरावरून, चौकटीच्या एका बाजूवर दोन मिनिटं फिरवत ठेवा. हाताला सोसवेल एवढंच गरम. मोबाइल दुकानातली डिस्प्ले वेगळा करायची गरम प्लेट ८० अंशांवर लावलेली असते. ई-इंकला ते झेपत नाही, शाईची फिल्म सुटते आणि वाचलेलं पॅनलही जातं. हे दुकानात आधीच सांगा.

पाती चौकट आणि पाठ यांच्या फटीत, बाजूच्या मध्यापासून घाला. दोन-तीन मिलिमीटरच, जास्त खोल नाही. त्यापलीकडे पॅनलची कड आहे. चौकटीला खटके आहेत आणि गोंदही, त्यामुळे "टक" आवाज येतील. एक पाती तशीच ठेवून दुसरी पुढे सरकवत चारी बाजू फिरा. चौकट निघाली की कडेने स्क्रू दिसतील. कागदावर रीडरचा आकार रेखाटा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. हा नाजूकपणा वाटेल, पण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर त्याचं टोक आतून पॅनलच्या पाठीत रुततं. पुन्हा-पुन्हा फुटण्याच्या कारणांत हे एक आहे, आणि अशा वेळी तडा नेमका स्क्रूच्या जागेपासून निघालेला दिसतो.

स्क्रू काढल्यावर सगळा आतला संच पाठीतून उचलला जातो. सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी तोडा: कनेक्टर असेल तर नखाने वर उचलून, स्क्रूने दाबलेले संपर्क असतील तर स्क्रू काढून. बॅटरी जोडलेली असताना पॅनलची फ्लेक्स ओढली-घातली तर वर सांगितलेल्या १५ व्होल्टांचा चटका चुकीच्या पिनेला बसू शकतो. त्यानंतरच फ्लेक्सच्या कनेक्टरचं झाकण नखाने उभं करा आणि फ्लेक्स सरळ मागे ओढा. रेघा सरळ असलेल्यांनी इथेच थांबावं: फ्लेक्सची टोकं ९९ टक्क्यांच्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, वाळू द्या, कनेक्टरच्या कडेला समांतर होईपर्यंत आत घाला, झाकण पाडा, बॅटरी जोडा, चालू करा. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिट यासाठी नको. उरलेलं पाणीच असतं.

चौकट सपाट करणं

खरं काम इथे आहे, आणि घाईत नेमकं हेच वगळतात.

फुटलेल्या पॅनलवर आधी सेलोटेपचे आडवे पट्टे लावा, म्हणजे कपच्या उडणार नाहीत. मागून हलकी ऊब देऊन पाती किंवा माशाचा नायलॉनचा दोरा गोंदातून सरकवत पॅनल मधल्या चौकटीपासून सोडवा. दोरा ०.२ मिलिमीटरच्या आसपासचा घ्या. गळाचा दोरा किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात मिळतो.

आता मोकळ्या चौकटीवर जुन्या गोंदाचा, टेपचा एकही थर ठेवू नका. बोटाच्या टोकाने सगळी पाटी चाचपा. नजरेला न दिसणारा कण बोटाला लागतो. जांभ्याची लाल पूड मऊ असते, ती पुसली जाते. वाळूचा कण मऊ नसतो. पातळ काचेखाली तो राहिला की रीडर हातात धरल्याचा दाबही तिथे एकवटतो, आणि हळूहळू, न पडता, काच जाते. "काहीच झालं नाही, आपोआप फुटलं" या तक्रारीचं एक मोठं कारण हेच.

मग स्टीलची पट्टी उभ्या कडेवर धरून चौकटीवर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर टेकवा, पलीकडून मोबाइलचा उजेड टाका. पट्टीखालून उजेडाची फट दिसते तिथे चौकट वाकली आहे. फट किती, हे मोजायला वहीचा कागद पुरतो. एक पान साधारण ०.१ मिलिमीटर. एक पान शिरतं आणि दोन शिरत नाहीत, एवढं चालून जाईल. दोन पानं सहज शिरत असतील तर सरळ करा. कोपऱ्यावर पडलेल्या रीडरमध्ये फट बहुधा कर्णावरच सापडते, आडव्या-उभ्या मापात सुटते. म्हणून कर्ण चुकवू नका.

चौकट धातूची असेल तर बॅटरी, बोर्ड, सगळं काढून ती सपाट ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा आणि वाक असलेल्या जागी कापडावरून अंगठ्याने थोडं थोडं दाबा. हातोडी नाही. प्रत्येक दाबानंतर पट्टी लावून बघा, कारण धातू दाब सोडल्यावर थोडा परत येतो आणि जास्त दाबला तर उलट्या बाजूला जातो. प्लास्टिकची चौकट तडकली असेल, स्क्रूचे खुंट तुटले असतील, तर ती चिकटवून भागत नाही. जुन्या मेलेल्या रीडरची काढून लावा.

त्यानंतर बॅटरी. ती काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर फुगली आहे, बसून राहिली तर ठीक. फुगलेली बॅटरी मागून चौकट उचलते आणि चौकट पॅनलला. व्होल्टेज बरं आहे म्हणून ती परत बसवू नका. ती टोचू नये, दाबू नये, आणि पालापाचोळ्याबरोबर परसात तर मुळीच पेटवू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. नवी घेताना क्षमता आणि कनेक्टर दोन्ही जुळवा. तिसऱ्या पिढीच्या पेपरव्हाइटला मूळ बॅटरी १४२० मिलिअँपिअर-तासांची आहे. त्याच आकारात दुप्पट आकडा छापलेली कुणी देत असेल तर तो आकडा खोटा.

बसवणं

पॅनल चिकटवायला मोबाइलच्या डिस्प्लेला लावतात ती पातळ काळी डबल टेप घ्या, २ मिलिमीटर रुंद, चारी कडांना एकच थर. कोपऱ्यात टेपवर टेप चढू देऊ नका. तिथेच जाडी दुप्पट होते आणि तिथेच तडा जातो. स्पंजवाली टेप नको. बी-७००० हा गम दुकानात सर्रास वापरतात. चौकटीच्या कडेला तो ठीक, पण पॅनलच्या पाठीखाली त्याचे थेंब टाकू नका. वाळल्यावर प्रत्येक थेंबाचा उंचवटा होतो, म्हणजे वाळूचा कण काढून आपल्याच हाताने नवा कण ठेवल्यासारखं.

जून ते सप्टेंबर हे काम करत असाल तर टेप लावण्याआधी चौकट कोरडी करा. हवेत इतका दमटपणा असतो की थंड धातूवर न दिसणारा ओलावा बसतो आणि टेप आठवड्याभरात सुटते. पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॉटचा पिवळा बल्ब लावून मोकळी चौकट तासभर त्यात ठेवली की पुरे. पॅनल मात्र त्या खोक्यात ठेवू नका.

टेपचा वरचा कागद काढण्याआधी फ्लेक्स जोडा, बॅटरी जोडा, चालू करा आणि दहा-बारा पानं उलटा. टच चारी कोपऱ्यांत बघा, दिवा कमी-जास्त करून बघा. सगळं ठीक असेल तर परत बंद, बॅटरी तोडा, कागद काढा, पॅनल एका कडेपासून टेकवत आणा. दाबायचं फक्त कडांवर, तळहाताने, मधोमध कधीच नाही. स्क्रू आधी सगळे सैल लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करा. एकच कोपरा पूर्ण आवळला तर सरळ केलेली चौकट पुन्हा पीळ खाते.

बसवल्यावर अक्षरं फिकट दिसली किंवा आधीच्या पानाची सावली राहिली, तर लगेच पॅनलला नावं ठेवू नका. पान-दर-पान पूर्ण रिफ्रेश हा पर्याय सेटिंगमध्ये चालू करून एक दिवस वापरा. तरीही फिकट राहिलं तर लेबलचा नंबर पुन्हा जुळवा.

चार्जिंगचं तोंड

चार्जिंगला लावलेला असताना पडला असेल तर पॅनल वाचूनही मायक्रो यूएसबीचं तोंड बोर्डापासून उखडतं. चार्ज होतोय पण कॉम्प्युटर ओळखत नाही, म्हणजे पाच पिनांपैकी मधल्या डेटाच्या पिना सुटल्या. केबल एका कोनात धरली तरच चार्ज होतो, म्हणजे कडेची वीज किंवा ग्राउंडची. तोंड बदलणं मोबाइल दुकानात रोजचं काम आहे, फक्त बोर्ड सुटा करून न्या. पॅनल जोडलेलं असताना ब्लोअर मारू देऊ नका. किनाऱ्यालगतच्या घरांत तोंडात हिरवट-पांढरी खपली दिसते, ती खाऱ्या हवेची. टूथब्रश आणि आयपीए आधी, सोल्डर नंतर.

खाऱ्या पाण्यात पडला तर

पेपरव्हाइटच्या २०२१ च्या पिढीला गोड्या पाण्यात २ मीटर खोल ६० मिनिटं चालेल असं मानांकन आहे. समुद्राच्या पाण्यात मात्र तोच आकडा पाव मीटर आणि ३ मिनिटं. इतका फरक बघूनच अंदाज यावा. त्यातही एकदा आपटी बसलेल्या किंवा उघडलेल्या रीडरचं सील गेलेलं असतं, तेव्हा हे आकडे विसरा. सील शाबूत असलेला रीडर बंद करून साध्या पाण्याखाली धुवा, पुसा, आणि तोंड पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

सील नसलेल्या रीडरची बॅटरी तोडेपर्यंत प्रत्येक मिनिट महाग आहे, कारण मिठाचं पाणी आणि वीज मिळून बोर्डावरचं तांबं खातात. बॅटरी तोडली की बोर्ड सुटा करून डिस्टिल्ड वॉटरने धुवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला ते प्रत्येक बाजारपेठेत मिळतंच. मग आयपीए, मग दिवसभर पंख्याखाली. पॅनल धुवायचं नाही, कडेने आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय सोडून द्या: पावसाळ्यात तांदूळ स्वतःच सादळलेला असतो, मीठ तो काढत नाही, आणि पीठ तोंडात जाऊन बसतं.

नव्या मॉडेलबद्दल थोडंसं

पेपरव्हाइटच्या २०१८ पासूनच्या पिढ्यांमध्ये समोरचा भाग एकसंध, सपाट आणि चिकटवलेला आहे. तिथे चांगलं पॅनल उचकटतानाच फुटण्याची शक्यता मोठी, म्हणून रेघ सरळ आहे एवढ्यावर "उघडून फ्लेक्स बसवून बघू" हा जुगार खेळू नये. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर आधी कंपनीशी बोला. पडून झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, तरी विचारायला पैसे पडत नाहीत. उघडलंच तर पाण्यापासूनचं संरक्षण संपलं असं धरून चाला.

जाता जाता चुंबकाच्या कव्हरबद्दल, कारण दुरुस्त करून दिलेला रीडर परत त्याच कव्हरात जातो. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी-मालगुंडच्या बाजूला पुळणीत काळी वाळू आहे, तिच्यात लोहखनिजाचे कण असतात. पुळणीवर वाचायला नेलेल्या कव्हरच्या चुंबकाला हे कण चिकटतात, आणि कव्हर मिटलं की ते थेट चौकटीच्या फटीवर दाबले जातात. ब्रशने ते निघत नाहीत, चुंबक सोडत नाही. सेलोटेपचा चिकट भाग चुंबकाच्या जागेवर दाबून ओढा. तीन-चार तुकड्यांत कड साफ होते.